द्राक्षाचं पेज वाढवायचं तर तारीख सोडा, छाटणीचे दिवस धरा

तासगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका तरुण कृषी पदवीधराचा प्रश्न आहे. ते वर्षभर इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर रोज न चुकता पोस्ट टाकतात. फॉलोअर्स ४०० च्या आसपास आहेत आणि आकडा तिथंच अडलाय. त्यांना विचारायचंय ते असं: दिवसाला किती पोस्ट टाकू? रील करू की फोटो? पैसे भरून पोस्ट बूस्ट करू का? आणि पेजला दुकानाचं नाव आहे, ते बदलू का? सोबत त्यांनी गेल्या दोन महिन्यांतल्या पोस्टही पाठवल्या आहेत.

मी नाशिक भागात द्राक्ष सल्लागार म्हणून काम करतो. बरीच वर्षं द्राक्षावरचं एक पेज आणि त्याला जोडून यूट्यूब चॅनेल चालवतोय. त्यामुळे उत्तर द्राक्षाच्याच भाषेत देतो. डाळिंब, कांदा, ऊस, कुठल्याही पिकाचं पेज असलं तरी हिशेब हाच आहे, फक्त टप्पे वेगळे.

दादा, रोज न चुकता टाकणं हे सगळ्यात अवघड काम आहे आणि ते तुम्हाला जमलंय. अडचण आहे ती काय टाकता यात. पाठवलेल्या पोस्टमध्ये निम्म्या सणांच्या शुभेच्छा आणि सुविचार आहेत. उरलेल्यांत बहुतेक कंपन्यांनी दिलेली औषधांची पोस्टर्स आहेत. ज्याच्या प्लॉटला छाटणीपासून आज ३८ दिवस झालेत आणि रात्री पाऊस पडून गेलाय, त्याला सकाळी मोबाईल उघडल्यावर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तो अंगठ्यानं वर सरकवतो आणि पुढं जातो. असं चार-पाच वेळा झालं की इन्स्टाग्रामही त्याला तुमचं पेज दाखवायचं कमी करतं. म्हणजे रोजची निरुपयोगी पोस्ट नुसती वाया जात नाही, ती तुमच्या चांगल्या पोस्टचीही वाट अडवते.

आधी एका संध्याकाळी बसून फॉलोअर्सची यादी वाचा. ४०० पैकी द्राक्षवाले किती, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी किती, नातेवाईक आणि कॉलेजचे मित्र किती, ते वेगळं काढा. माझा अंदाज आहे की बागायतदार शंभर-सव्वाशेच्या वर निघणार नाहीत. तीच तुमची खरी संख्या आणि तिथूनच मोजायला सुरुवात करा. आकडा खाली आला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कोणासाठी लिहायचं हे त्या दिवसापासून स्पष्ट होतं.

आता मुख्य गोष्ट. सातत्य म्हणजे रोज काहीतरी टाकणं, असं सगळीकडे सांगितलं जातं. शेतीत ते तसं चालत नाही. शेतकऱ्याला ज्या दिवशी निर्णय घ्यायचा आहे त्याच्या एक-दोन दिवस आधी तुमची पोस्ट त्याच्यासमोर असणं, आणि हंगामभर प्रत्येक निर्णयाच्या वेळी ती असणं, याला मी सातत्य म्हणतो. द्राक्षवाला तारखेनं बोलतच नाही. तुमच्या काउंटरवर येणारा माणूस काय म्हणतो? ‘साहेब, माझा प्लॉट ४२ दिवसांचा हाय.’ तो गोडी छाटणीपासून, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी करतात त्या छाटणीपासून, दिवस मोजतो. मग तुम्ही १५ नोव्हेंबरची पोस्ट म्हणून का टाकता? ‘छाटणीनंतर ३५ ते ४५ दिवस’ असं वर मोठ्या अक्षरात लिहा.

एवढ्या एका बदलानं दोन गोष्टी होतात. आपल्याकडे सगळ्यांच्या छाटण्या एकाच आठवड्यात होत नाहीत. कोणी सप्टेंबरमध्येच कात्री लावतो, तर कोणी ऑक्टोबर संपेपर्यंत थांबतो. त्यामुळे ३५ ते ४५ दिवसांची एक पोस्ट दीड-दोन महिने रोज कोणा ना कोणाच्या कामाची असते. आगाप छाटणीवाल्यानं ती वापरली की तो मागास छाटणीवाल्या भावकीला पाठवतो. दुसरं म्हणजे तीच पोस्ट थोडी सुधारून पुढच्या वर्षी परत टाकता येते. पोंगा अवस्था (डोळा फुटून कोवळी फूट निघते ती), फेलफुटवे म्हणजे जास्तीची फूट काढणं, फुलोरा, विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं), मण्यात पाणी उतरणं, काढणी असे टप्पे ओळीनं मांडले की अख्ख्या हंगामाचा मजकूर वहीच्या दोन पानांत बसतो. ‘आज काय टाकू’ हा प्रश्न सकाळी उठल्यावर पडतच नाही.

एक पोस्ट जवळून दाखवतो, डाऊनी या बुरशीच्या रोगावरची. तुमची अशी होती: ‘डाऊनीपासून द्राक्षबाग वाचवा! सर्व नामांकित कंपन्यांची औषधे योग्य दरात उपलब्ध.’ खाली औषधांच्या बाटल्यांचा फोटो. त्याच विषयावर मी असं लिहीन:

‘प्लॉट ३० ते ४५ दिवसांत आहे आणि रात्री पाऊस झालाय? दुकानात यायच्या आधी बागेत जा. वेल जिथं सगळ्यात दाट आहे तिथली खालची पानं उलटून बघा. पानाच्या वर तेलकट पिवळसर डाग आणि त्याच डागाच्या मागं पांढरी बुरशी असेल तर तो डाऊनी. पानावर राखेसारखी पांढरी भुकटी पसरलेली असेल तर ती भुरी. दोन्हींचं औषध वेगळं. डाग आहे पण बुरशी दिसत नाही, संशय आहे, तर ते पान ओलसर कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि रात्रभर घरात ठेवा. सकाळी पानाच्या मागं पांढरी बुरशी आली तर डाऊनी समजा. तोवर फेलफुटवे काढून वेलीत हवा खेळती करा. पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, बघून सांगतो.’

यात एकाही औषधाचं नाव नाही. तरी ही पोस्ट वाचून माणूस तुमच्याकडेच येईल, कारण डाग ओळखायला तुम्ही शिकवलंत. पिशवीची युक्ती फुकट आहे आणि कोणालाही रात्रीतून करून बघता येते. सकाळी बुरशी दिसली की तो माणूस शेजाऱ्याला बोलावून दाखवतो, आणि फॉलोअर तिथं वाढतो.

‘पुढं पाठवणं’ यावर थोडं जास्त बोलतो, कारण सगळी वाढ त्यातच आहे. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी उघड सांगितलं की व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला, किती लाइक आले आणि किती जणांनी तो दुसऱ्याला पाठवला, या तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन आहे. जे तुम्हाला अजून फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी तर पाठवण्याचं वजन लाइकपेक्षा जास्त. म्हणून आकडे बघताना लाइककडे नजर टाकून पुढं चला. सेव्ह किती झाले आणि शेअर किती झाले ते वहीत लिहा. शुभेच्छांच्या पोस्टला लाइक येतात, पण ती कोणी सेव्ह करून ठेवत नाही. काडी तपासणीच्या (छाटणीआधी काडीत घड आहे का ते बघण्याच्या) व्हिडिओला लाइक थोडे येतात आणि सेव्ह भरपूर होतात. दुसऱ्या जातीच्या पोस्ट वाढवा.

एक भाग मात्र इन्स्टाग्रामला मोजता येत नाही. आपल्या गावात पोस्ट पुढं जाते ती स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. तिथं लिंक तुटते आणि तुमचं नाव गळून पडतं. म्हणून प्रत्येक फोटोवर आणि व्हिडिओच्या पहिल्या चित्रावर तीन गोष्टी लिहाच: पिकाचा टप्पा, पेजचं नाव, तालुका. छोट्या अक्षरात, कोपऱ्यात, पण कापून टाकता येणार नाही अशा जागी.

विषय कुठून आणायचे याची चिंता तुम्ही करूच नये. मी नाशिकमध्ये बसून जे शोधतो ते तुमच्याकडे चालत येतं. काउंटरवर एक वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, सोबत प्लॉटचे दिवस आणि गाव. एकच प्रश्न आठवड्यात तिघांनी विचारला की त्या संध्याकाळची पोस्ट ठरली. शब्द त्यांचेच ठेवा. ‘घड जिरायला लागलेत’ (म्हणजे कोवळे घड नाहीसे व्हायला लागलेत) असं माणूस म्हणत असेल तर तुम्ही पुस्तकातला शब्द वापरू नका, कारण शोधताना तो ‘घड जिरणे’ असंच टाकणार. बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, तेव्हा यूट्यूबच्या शीर्षकात देवनागरी ठेवा आणि खालच्या वर्णनात तेच शब्द रोमन लिपीतही लिहून ठेवा. शोधात सापडण्यासाठी याचा खूप उपयोग होतो.

किती पोस्ट टाकायच्या? गोडी छाटणी ते विरळणी या काळात आठवड्याला तीन, बाकी वर्षभर एक. पाऊस, गारपीट, दाट धुकं अशा वेळी मात्र मोजू नका. त्या दिवशी सकाळी सातच्या आत पोस्ट गेली पाहिजे, फोटो साधा असला तरी चालेल. अवकाळी पावसाच्या सकाळी टाकलेली चार ओळींची सूचना पुढच्या महिनाभराच्या देखण्या पोस्टपेक्षा जास्त माणसं जोडते, हे मी दरवर्षी बघतो.

रील की फोटो, याला एक उत्तर नाही. जिथं हात काहीतरी करतोय तिथं व्हिडिओ, जिथं ओळखायचंय तिथं फोटो. विरळणी फोटोत कळत नाही, कात्री घडात कुठून घालायची ते हलत्या चित्रातच दिसतं. उलट पानावरचा डाग व्हिडिओत निसटतो. लोकांना तो थांबून, बोटांनी मोठा करून बघायचा असतो. फोटो सकाळच्या मऊ उजेडात काढा. दुपारच्या उन्हात डागाचा रंग उडतो. पानाच्या दोन्ही बाजू एकाच चित्रात शेजारी शेजारी लावा आणि आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. ज्याच्या बागेत काढला त्याची परवानगी घ्या. रोगाचा फोटो असेल तर त्याचं नाव-गाव टाकू नका, कारण काढणीला व्यापारी भाव पाडायला तेवढं कारण धरतो.

काडी तपासणीचा व्हिडिओ एकदा तरी करा. गोडी छाटणीच्या आधी काडीवरचे डोळे (नवी फूट जिथून निघते त्या कळ्या) कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते ठरवतात आणि त्यावर किती डोळे ठेवून छाटायचं ते ठरतं. तपासून आणणारे पुष्कळ आहेत, पण आत काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले फार थोडे. मोबाईलचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला टेकवून धरा, पहिल्या प्रयत्नात हलतो, मग जमतं. एक घड असलेला डोळा आणि एक नुसत्या बाळीचा (घडाऐवजी येणाऱ्या तणाव्याचा) डोळा, दोन्ही दाखवा. सोबत काडी हातात धरून पाचवा डोळा कुठला, सहावा कुठला ते बोटानं मोजून दाखवा. एवढ्या दीड मिनिटात काही शेतकऱ्यांना त्यांच्या वडिलांपासून चालत आलेल्या छाटणीचं कारण पहिल्यांदा कळतं. असा व्हिडिओ दर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपोआप वर येतो.

आणखी एक प्रकार मी आग्रहानं सुचवतो. एक प्लॉट धरा. जवळचा, रोज जाता येईल असा, मालक मोकळ्या मनाचा हवा. त्यातली एक वेल ठरवा आणि खरड छाटणीपासून (एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी करतात ती) काढणीपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी त्याच जागी उभं राहून त्याच वेलीचा व्हिडिओ घ्या. चांगलं झालं ते दाखवा आणि पावसानं मणी तडकले तर तेही दाखवा. लोक त्या वेलीशी आपली वेल ताडून बघायला लागतात. ‘तुमची फूट आमच्यापेक्षा पुढं कशी?’ असे प्रश्न येतात. त्या प्रश्नांची उत्तरं म्हणजे तुमच्या पुढच्या चार पोस्ट.

या मालिकेचा उन्हाळ्यातला भाग लोक कमी बघतील, हे आधीच सांगून ठेवतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या टप्प्यात डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. पुढच्या हंगामाचं पीक तिथं ठरतं, आणि नेमकं तेव्हा बागेकडे लक्ष कमी असतं. ढगाळ हवा, दाट झालेली काडी, पाण्याचा ताळमेळ चुकणं, याचे परिणाम ऑक्टोबरनंतर घड कमी निघाले की कळतात. म्हणून मे-जूनमधल्या पोस्टला व्ह्यूज पडले तरी त्या टाकत राहा. त्या बघणारी माणसं थोडी असतात पण ती सगळ्यात अभ्यासू असतात, गावात त्यांच्या शब्दाला वजन असतं, आणि तीच पुढं इतरांना तुमचं नाव सांगतात.

कुठं काय टाकायचं, तर बागेतला तरुण मुलगा इन्स्टाग्रामवर आहे, त्याचे वडील फेसबुक आणि यूट्यूबवर, आणि व्हॉट्सअ‍ॅप दोघांकडेही. सगळीकडे वेगळं करत बसलात तर दमाल. एकदाच बनवा, तिन्हीकडे टाका, पण संवादाचं घर एकच ठेवा. मी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल सुचवीन. भारतात ते सप्टेंबर २०२३ पासून आहे. ग्रुपमध्ये १,०२४ ची मर्यादा, वर रोजचं गुड मॉर्निंग आणि भलत्याच बातम्या. दोन महिन्यांत लोक ग्रुप म्यूट करतात. चॅनेलमध्ये फक्त तुम्ही लिहिता आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. प्रश्न विचारायला दुकानाचा नंबर द्या. प्रत्येक बिलासोबत चॅनेलचा क्यूआर कोड द्या. ४०० वरून १,००० वर जायला तुम्हाला इंटरनेटपेक्षा काउंटरच जास्त मदत करेल.

यूट्यूबच्या जाहिरातींच्या कमाईमागं लागू नका. त्यासाठी लांब व्हिडिओवाल्याला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं, आणि ते गाठायच्या नादात माणूस सनसनाटी शीर्षकं द्यायला लागतो. तुमचं उत्पन्न दुकानात आहे, पेजनं तिथला विश्वास वाढवायचा.

विश्वासाचाच विषय निघालाय तर तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. तुम्ही औषध विकता आणि सल्लाही देता, त्यामुळे वाचणारा पहिल्या ओळीपासून शंका धरून वाचतो. ती शंका रास्त आहे. द्राक्षावर लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची सरकारी मंजुरी) नसलेलं औषध पोस्टमध्ये कधीच सुचवू नका. औषध सांगितलं तर त्याच ओळीत काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस सोडायचे, तेही सांगा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात गेलेला आपला माल अडकला आणि बागायतदारांना जबर फटका बसला, हे तुमच्या भागातल्या जुन्या माणसांना चांगलं आठवतं. ‘आज फवारणीची गरज नाही’ अशी पोस्ट हंगामात दोन-तीनदा तरी आली पाहिजे, अर्थात ती खरी असेल तेव्हाच. औषध विकणारा माणूस फवारू नका म्हणतो, हे लोक विसरत नाहीत. जिथं तुमचा अभ्यास पुरत नाही तिथं मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारित सल्ला वाचा आणि त्यांचं नाव घेऊन सोप्या मराठीत मांडा.

फॉलोअर्स वाढले की कंपन्या विचारतील, आमचं टाका, पैसे देतो. घ्यायचे तर पोस्टमध्ये ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा. २०२२ ची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं हे बंधनकारक करतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही लागू शकतो. माझं स्वतःचं मत याहून कडक आहे: ज्या औषधाचा निकाल तुम्ही एक हंगाम स्वतः बघितलेला नाही, त्याचे पैसे घेऊच नका.

बूस्ट करायला हरकत नाही, पण क्रम पाळा. आधी पोस्ट तशीच सोडा. दोन दिवसांत तिला नेहमीपेक्षा जास्त शेअर आले तरच तिच्यावर दोन-तीनशे रुपये लावा, आणि तेही तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस एवढ्याच पट्ट्यात. पडलेल्या पोस्टला पैसे लावून उभं करता येत नाही. फॉलोअर्स विकत घेणं आणि ‘फॉलो करा, स्प्रे पंप जिंका’ असल्या योजना अजिबात नकोत. त्यातून येणारा माणूस द्राक्षवाला नसतो, तो तुमची पोस्ट बघत नाही, आणि न बघणाऱ्यांची गर्दी वाढली की बघणाऱ्यांपर्यंतही पोस्ट कमी पोचते.

कमेंट आणि मेसेजला त्याच दिवशी उत्तर द्या, निदान ‘संध्याकाळी बागेत जाऊन बघतो’ एवढं तरी. कोणी चूक दाखवली आणि ती बरोबर असेल तर पोस्ट दुरुस्त करून खाली त्याचे आभार माना. अनुभवी बागायतदार कमेंटमध्ये तुमच्यापेक्षा वेगळं सांगत असेल तर त्याला फोन करा आणि त्याच्याच बागेत व्हिडिओ करा. त्याची भावकी, पाहुणे, शेजारी सगळे तो बघतात.

किती दिवस लागतील हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. पूर्ण एक हंगाम धरा. पहिली गोडी छाटणी ते काढणी या काळात आकडा हळूच सरकेल. दुसऱ्या हंगामात जुन्या पोस्ट टप्प्यानुसार परत कामाला येतात, लोक आपणहून ‘मागच्या वर्षीची ती पिशवीची पोस्ट परत टाका’ म्हणतात, आणि तिथून वेग बदलतो.

राहिलं नावाचं. दुकानाचं नाव पेजला असेल तर दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक फॉलो करायला कचरतं, म्हणून बदला. नावात द्राक्ष आणि तासगाव हे दोन्ही शब्द येऊ द्या. दुकानाचं नाव आणि नंबर खाली माहितीत ठेवा. बदल जुलै-ऑगस्टमध्येच उरकून घ्या. छाटण्या सुरू झाल्यावर लोक घाईत जुन्याच नावानं शोधतात आणि सापडलं नाही की दुसरीकडे जातात. शुभेच्छांच्या जुन्या पोस्ट डिलीट करत बसू नका, अर्काइव्ह करा, आणि पेज उघडल्यावर वर पिन केलेल्या तीन पोस्ट तेवढ्या नीट निवडा: डाऊनी-भुरी कशी ओळखायची, काडी तपासणी, आणि तुमच्या धरलेल्या वेलीची ताजी स्थिती.